चार गाड्या आणि एक मागची सीट

दादा, तुझ्या कानांचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आज बारावा दिवस. कामतघरच्या आपल्या ओटीवर माणसांची रीघ लागली आहे. जो येतो तो तांब्याभर पाणी पितो, पार्वतीवहिनीकडे बघून मान हलवतो आणि तीच गोष्ट सुरू करतो. नारपोलीच्या कारखान्यात चाळीस माग एकदम धडधडत असायचे, आणि आपला हिराजी जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा, नुसता दारात उभा राहून सांगायचा, तिसऱ्या ओळीतल्या मागाचा पट्टा सैल झालाय. मोटरसायकलचं तर विचारूच नका. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ दातात धरायचा, डोळे मिटायचा आणि आत काय बिघडलंय ते बिनचूक सांगायचा. असे कान पुन्हा होणे नाही. एवढं झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. अशा माणसाला ट्रकचा हॉर्न ऐकू येणार नाही होय? त्या ड्रायव्हरने हॉर्न दिलाच नाही, खोटारडा मेला.

मी आत चहाच्या कपबशा विसळत हे सगळं ऐकते. मी तुझी धाकटी बहीण, दापोड्याच्या शाळेतली मास्तरीण, खोटं बोललं म्हणून पोरांना हातावर छडी देणारी. दहा दिवस मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तू मला गप्प बसवून गेलास. त्यावरून तुझ्याशी कडाकडा भांडायचं आहे, आणि भांडायला तू समोर नाहीस, म्हणून कागद पुढे ओढला आहे.

तुला ऐकू येत नव्हतं. हे आता लिहूनच टाकते. उजव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, डाव्याने समोरचा ओरडला तर थोडंफार. अठरा वर्षं मागांच्या धडधडीत काढलीस, ती तुझे कान घेऊन गेली. ज्या कानांवर तुझी रोजीरोटी होती, ज्यांचं गावभर नाव होतं, ते कधीच गेले होते. हे आपल्या घरात फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होते.

गाड्यांपासूनच सांगते, तूही कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू करायचास. पेट्रोल एकाएकी भडकलं त्या वर्षी लोक जुन्या, भरपूर पिणाऱ्या मोटरसायकली मिळेल त्याच्या गळ्यात मारत होते, आणि तुझा गळा कायम पुढे. पहिला आला मेजर. लष्कराच्या लिलावातून भंगारात गेलेला आणि भंगारातून आपल्याकडे आलेला, टाकीवर हिरव्या रंगाचे पोपडे. मग मावशी, अंगाने जाड, चालीने संथ, पण चढावर दम न सोडणारी. मग तोतरी. ती सुरू होताना आठदहा वेळा अडखळायची आणि एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. घरामागची शेड रिकामी झाली तेव्हा वहिनीला वाटलं होतं, आता स्वतःचे दोन माग येतील. आले ते मेजर, मावशी आणि तोतरी. तिघांना तू कारखान्यातल्या डागी कापडाची पांघरुणं शिवून घेतलीस, आणि आम्ही घरात फाटक्या चादरी पांघरून झोपत होतो. यावरून वहिनी तुला कमी का बोलली आहे!

आणि तुझं ते मागाचं तेल. कारखान्यात हाताशी आहे म्हणून एकदा तेच मावशीच्या गिअरपेटीत ओतलंस. "तेल ते तेल," म्हणालास. पंधरा दिवस मावशीचा गिअर पडेना. भिवंडीतल्या जॉबरशिवाय ही अक्कल कुणाला सुचायची नाही. कापसाची तूस ही दुसरी कटकट. आपल्या गावात ती भाताच्या ताटापासून गाडीच्या हवेच्या जाळीपर्यंत सगळीकडे शिरते. दर रविवारी सकाळी तू जाळ्या काढून माझ्यापुढे टाकायचास आणि मी जुन्या टूथब्रशने त्या झाडून द्यायची. मग एकेक गाडी सुरू करून तू मला विचारायचास, "बोल मास्तरीन, कशी बोलतंय?" मी म्हणायची, मावशी खोकतेय. मेजर आज खूश आहे. तोतरीच्या पोटात काहीतरी कडकड वाजतंय. तू मान डोलवायचास आणि बरोबर त्या जागी पाना घालायचास. आठवडाभर राबून आलेला भाऊ सुट्टीच्या दिवशी माझ्याशी असा खेळ खेळतो याचं मला कोण अप्रूप होतं.

माझं लग्न काही जमलं नाही, आणि जमलं नाही याचं तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस. रोज सकाळी नारपोलीचा कारखाना मागे टाकून मला दापोड्याच्या शाळेपर्यंत सोडायचास आणि परत फिरून ड्युटीवर जायचास. कुठे जुनी गाडी बघायला जायचं असलं तरी मी बरोबर हवीच. "चल गं, तुझा पाय चांगला हाय." बाकीच्या बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. अजूनही वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

मग ते कल्याणचे डॉक्टर भेटले. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट, दसरा तोंडावर होता. त्यांचे गुडघे गेले म्हणून गाडी काढायची होती, आणि गाडी अशी ठेवलेली की मला, मला सुद्धा, हात लावायला भीती वाटली. काळीभोर टाकी, तिच्यावर सोनेरी रेघ, त्या रेघेवर एक ओरखडा नाही. हत्यारांची कापडी गुंडाळी, तिच्यात एकेक पाना आपल्या खिशात. एक वही, तिच्यात कधी तेल बदललं, कधी साखळी धुतली, सगळं मोत्यांसारख्या अक्षरात. डॉक्टरांच्या बाईंनी शिवलेलं जाड पांघरूण, त्याला बंदसुद्धा होते. तू वही उघडलीस आणि उभ्या उभ्या वाचत सुटलास. चौथीनंतर तुला मी एवढं वाचताना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "गाडी विकतोय, पण खोटं सांगून विकणार नाही. थंड असताना टॅपेटचा बारीक आवाज येतो. ऐका." त्यांनी किक मारली. "येतोय ऐकू?"

तू त्यांच्या ओठांकडे बघत होतास. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस. मला आवाज येत होता, मी मान हलवली. तू म्हणालास, "येतो की. बारीक हाय. चालंल."

मग तुझा तो ठरलेला सोहळा. पेचकस इंजिनाला, मूठ दातात, डोळे बंद. डॉक्टर तुझ्या मागे उभे होते. ते साध्या आवाजात म्हणाले, "हिराजी, टाकी गळतेय." तू हलला नाहीस. ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले. टाकी गळतेय म्हटल्यावर ताडकन उठणार नाही असा गाडीवाला मी पाहिलेला नाही, आणि तू तर तू होतास. टाकी काही गळत नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिन तापलं, टॅपेटचा आवाज बंद झाला, आणि तू डोळे उघडून त्यांना दिलासा दिलास, "त्यो आवाज मी काढीन, काळजी करू नका."

कागद दाखवायच्या निमित्ताने त्यांनी मला आत बोलावलं. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"काय केव्हापासून?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता सगळं डोळ्यांपुढे आलं. रविवारचा खेळ, कशी बोलतंय म्हणून विचारणं, माझा चांगला पाय, कुठेही जाताना मला मागे बसवणं. तू माझ्याशी खेळत नव्हतास, माझे कान वापरत होतास. त्या दिवाणखान्यात उभी असताना मला तुझा आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. आजपर्यंत तो क्रम तसाच चालू आहे.

"मी गाडी त्यांना द्यावी की नाही, ते तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर मी काहीतरी कारण काढेन. त्यांना कळणारही नाही."

खिडकीतून तू दिसत होतास. उकिडवा बसून आधीच लखलखीत असलेलं चाक स्वतःच्या रुमालाने पुसत होतास. जत्रेत पाळण्याजवळ उभ्या राहिलेल्या पोराचं तोंड असतं, तसं तुझं तोंड होतं. नको म्हणायला मला एक शब्द लागला असता. मी म्हणाले, "द्या."

"मग त्यांच्या मागे कायम कोणीतरी बसायला हवं."

"मी बसेन," मी म्हणाले. डॉक्टरांनी किल्ली माझ्याच हातात दिली.

परत येताना दुर्गाडीच्या पुलावर मागून ट्रक आला. हॉर्नवर हॉर्न. तू मजेत मधोमध. मी तुझ्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या. तू गाडी डावीकडे घेतलीस, ट्रक गेला, आणि मान किंचित वळवून तू हसलास. का मारल्या म्हणून विचारलं नाहीस. त्या दिवसापासून आपली भाषा ठरली. एक थाप म्हणजे मागे गाडी आहे. दोन म्हणजे ट्रक. खांदा घट्ट धरला की थांब. घरी आल्यावर मी गाडीचं नाव डॉक्टरीण ठेवलं, आणि तू तिला मेजरच्या शेजारी मानाच्या जागी उभी केलीस.

त्या भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू ताटात काही टाकलं नाहीस. मला एकटीला ऐकू येईल एवढ्या हळू म्हणालास, "औंदा ओवाळनी तू मना दे. कोनाला सांगू नको. सेठला समजलं त उद्या मना कामावरशी काढंल. जॉबरचे कान गेल्यावर जॉबरमदी रहातंय काय?" वहिनी पलीकडे पाटावरच्या पोरांना करंज्या वाढत होती. निरांजन माझ्या हातात होतं. जगात कुठल्या भावाने बहिणीकडे अशी ओवाळणी मागितली असेल? आणि कुठली बहीण हातात पेटतं निरांजन धरून नाही म्हणेल? वेळ मात्र तू नेमकी साधलीस. मी दिलं वचन.

पुढचं वर्षभर चांगलं गेलं हे मी नाकारणार नाही. सकाळी अंजूरफाट्याच्या पुढे दोन्हीकडे खाचरं, बगळे, खाडीवरून येणारा खारट वारा, आणि खाली डॉक्टरीण एका लयीत बोलत चाललेली. असा गोड आवाज त्या तिघांपैकी कुणाचा नव्हता. तो तुला ऐकू येत नाही म्हणून मी तुझ्या वाटचाही ऐकायची आणि शाळेशी उतरल्यावर सांगायची, आज अशी बोलली, आज चढाला जरा कुरकुरली. तू डोळे बारीक करून माझे ओठ वाचायचास आणि तुझं तोंड असं उजळायचं की मला वाटायचं, झालं ते बरंच झालं. त्या वर्षात मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मी सुखी आहे. तुझ्या मागच्या सीटवर मी जेवढी कामाची होते तेवढी कुठेच नव्हते, फळ्यापुढेही नाही.

पण गेल्या दिवाळीनंतर कारखान्यात धोटा उडाला. मागातून सुटलेला धोटा म्हणजे गोफणीचा दगड. रफीक विणकर ओरडला, "हिराजीभाई, हटो!" तू पाठ करून उभा. त्याने उडी मारून तुला ढकललं आणि तो धोटा स्वतःच्या कोपरावर घेतला. तू घरी येऊन सांगितलंस, रफीक पाय घसरून पडला. खरं काय ते मला त्याच्या बायकोने सांगितलं, तीही रेशनच्या रांगेत. "हमारे ये बोलते हैं, हिराजीभाई का ध्यान कहीं और रहता है आजकल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आपली भांडणं सुरू झाली. समोरासमोर बसून, तोंड नीट हलवून, हळू आवाजात, म्हणजे तुला कळावं आणि घराला कळू नये. असं भांडण जगात कुणी केलं नसेल. मी म्हणायची, सेठला सांग, दुसरं काम माग. तू म्हणायचास, "गोदामात जाऊन तागे मोजू? लोक काय बोलतील?" मी म्हणायची, निदान वहिनीला सांग. तू म्हणायचास, "ती रडंल. तू रडत न्हायस, म्हनून तुला सांगितलं." तू मला काहीही सांगितलेलं नव्हतंस, दादा. मी पकडलं होतं. आणि मी रडत नाही हे तुला कुणी सांगितलं?

त्या शेवटच्या रविवारी पडघ्याला कुणाची तरी जुनी गाडी निघाली होती. पाचवी. तू सकाळपासून उड्या मारत होतास. जाळ्या झाडायच्या राहिल्या तरी चालेल, पण दुपारच्या आत पोचायला हवं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालास, "चल मास्तरीन. लय जपलेली हाय म्हनतात. तुझा पाय चांगला हाय."

माझा पाय! मी चुलीपुढे भाकरी थापत होते. मी म्हणाले, "कान माझे आणि नाव तुझं. आज तुझ्या कानांनी ऐक आणि घे."

मी हे तुझ्याकडे तोंड करून बोलले नाही. तव्याकडे बघत बोलले. तुला पाठमोऱ्या माणसाचं काही कळत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी क्षणभराने वळले तेव्हा तू दारात नव्हतास. बाहेर डॉक्टरिणीला किक बसली, एकदाच, तिला कधी दुसरी लागायची नाही. म्हणजे माझं शेवटचं बोलणं तू ऐकलंस की ऐकलंच नाहीस, हे मला या जन्मी कळणार नाही. कधी वाटतं, नसेल ऐकलं तर बरं. पण मग तू समजलास तरी काय? बहीण भाकरी करतेय, तिला वेळ नाही, एवढंच?

पडघ्याच्या अलीकडे आग्रा रोडवर मागून ट्रक येत होता. चहाच्या टपरीकडे वळायला तू गाडी उजवीकडे घेतलीस. पुढचं मी लिहीत नाही. लोकांनी ड्रायव्हरला ओढून खाली काढलं आणि बडव बडव बडवलं. आपल्या गावचे लोक पोचले तेव्हा त्यांनी उरलेलं पुरं केलं. तो पंजाबातला कुणी, पंचविशीतला. डोकं फुटलं तरी एकच म्हणत होता, "हॉर्न दिया था, दस बार हॉर्न दिया था." ते ऐकून लोकांना जास्त चेव आला. हिराजीला, ज्याला मागाच्या पोटातलं ऐकू येतं त्याला, दहा हॉर्न ऐकू आले नाहीत? तुझ्या कानांच्या कीर्तीवर त्याने मार खाल्ला, दादा. हे मला आपल्या मामाने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी त्या वेळी तुझे पाय धुवायला पाणी तापवत होते.

दोन वचनं दिली होती मी. डॉक्टरांना म्हणाले होते, मागे बसेन. तुला म्हणाले होते, कुणाला सांगणार नाही. पहिलं मोडलं आणि दुसरं तुझ्या सरणापर्यंत पाळलं. उलटं केलं असतं तर आज तू जाळ्या काढून माझ्यापुढे टाकत असतास.

दहाव्याला तलावाच्या काठी पिंड ठेवला. पिंपळावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. घटका गेली. सगळे अस्वस्थ. तुझा जीव कशात अडकलाय ते शोधायला लागले. मामा पुढे होऊन म्हणाला, "हिराजी, पोरांना शिकवू, काळजी करू नको." कावळा जागचा हलला नाही. तुझा साडू म्हणाला, "गाड्या इकनार न्हाय रे बाबा, हाय तशाच ठेवू." सगळ्यांना वाटलं, आता येणार. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बसला. कारखान्यातली माणसं काठावर उभी होती. रफीकही आला होता, कोपर अजून वाकवता येत नाही त्याला. मग मामा माझ्याकडे वळला. "तू बोल गं काय तरी. तुझ्यावर लय जीव व्हता त्याचा."

मी पिंडापुढे जाऊन उभी राहिले. तुला काय हवं होतं ते त्या अख्ख्या घाटावर मला एकटीला माहीत आहे असं तेव्हा मला वाटत होतं. कुणाला सांगणार नाही, एवढं म्हटलं असतं तर तो कावळा झडप घालून आला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाकले आणि फक्त तुला ऐकू जाईल इतक्या हळू बोलले. तुला, म्हणजे बघ! म्हणाले, "मी सांगणार आहे, दादा. यायचं तर ये, नाहीतर राहा उपाशी."

कावळा उडून पलीकडे गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं पांगली.

घरी येताना मी आणि वहिनी मागे राहिलो. शेडजवळ तिला थांबवून मी म्हणाले, "वहिनी, दादाला ऐकू येत नव्हतं. मला दीड वर्षापासून माहीत होतं."

ती रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मना तीन वर्सं झाली."

"कसं कळलं?" मी विचारलं.

"पोर रडला त तो जागा व्हयना. पयल्या पालीच्या ड्युटीला घड्याळ वाजून बंद व्हायचा. मंग मी मागाचा सूत घेतला, एक टोक त्याच्या मनगटाला, एक माझ्या. वडला की उठायचा. पोरांची शपथ घातलीन मना. बोल्ला, मास्तरनीला त अजिबात सांगू नको. ती रडंल."

आम्ही दोघी त्या शेडच्या दारात उभ्या होतो, दादा, आणि मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. एकाच घरात, एकाच चुलीपुढे तू आम्हाला वेगवेगळं गप्प बसवलंस. तिला म्हणालास मी रडेन, मला म्हणालास ती रडेल. आम्ही एकदा जरी एकमेकींशी बोललो असतो तर तुझ्या पाठीमागे एक नाही, दोन माणसं असती. एखाद्या रविवारी मी रुसले असते तर ती येऊन बसली असती. दोघी मिळून तुला हाताला धरून सेठपुढे उभं केलं असतं. काय झालं असतं? नाव गेलं असतं. तागे मोजत म्हातारा झाला असतास.

काल सकाळी आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. आवारात डॉक्टरीण भिंतीला टेकवून ठेवली आहे. पुढचं चाक दुमडलंय, पण सोनेरी रेघ अजून शाबूत आहे. वहिनी, जिने आयुष्यभर त्या गाड्यांच्या नावाने बोटं मोडली, तिने पदराने टाकीवरची धूळ पुसली. फौजदाराने आमचं सगळं म्हणणं शांतपणे लिहून घेतलं. मी शाळेत श्रुतलेखन सांगते तसं एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. त्याने विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?" "घरात आम्हा दोघींना," मी सांगितलं. मग मी सही केली, वहिनीने अंगठा दिला.

तो ड्रायव्हर कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. डोक्याला पट्टी, एक डोळा अजून मिटलेला. फौजदाराने त्याला हिंदीत समजावून सांगितलं. त्याला आधी कळलंच नाही. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी, मैंने दिया था ना?"

मी म्हणाले, "हां, भैया."

आता तुलाही सांगते, तुझ्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून. त्याने हॉर्न दिला होता, दादा. दहा वेळा दिला होता. मागे मी नव्हते.